आधी कोण बोलतं

पिपलानी, भोपाळ
१४ सप्टेंबर १९९६

दादा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहिलं होतं. मग वाटलं, इतकी वर्षं ज्याच्याशी अबोला आहे त्याला एकदम साष्टांग कसा घालायचा? तो कागद फाडला आणि हा घेतला. फोन केला असता, पण तू आवाज ओळखून रिसीव्हर मीनावहिनीच्या हातात देणार आणि ती बिचारी मधल्या मध्ये ‘सगळं बरं ना, सगळं बरं ना’ करत बसणार. म्हणून पत्र. ख्यालीखुशालीसाठी नाही, कामासाठी लिहिते आहे. तुझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या दावे खात्यात गेली आणि मला आत्ता तसाच माणूस हवा आहे. दुसरा कोणी ओळखीचा असता तर तुझ्या दारात आले नसते, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या महिन्यात माझ्या गाडीला अपघात झाला. मला खरचटलंसुद्धा नाही. समोर स्कूटरवर गोपीनाथ भोयर होते. अच्युतच्या कारखान्यात ते फोरमन होते, आता निवृत्त होऊन अयोध्या नगरात स्वतःच्या घरात राहतात. मूळचे विदर्भाच्या सीमेवरच्या मुलताईकडचे. त्यांचा प्रकाश शाळेत माझ्या हाताखालून गेलेला, भूगोलात अगदीच कच्चा. भोयरांचा खुबा मोडला. आमच्या टाउनशिपच्या दवाखान्यात प्लेट घातली, पण ती नीट बसली नाही म्हणतात. नागपूरला नेऊन पुन्हा ऑपरेशन करायला हवं, नाहीतर कुबड्या सुटणार नाहीत.

झालं ते असं. मी शाळेतून घरी येत होते. बाजाराजवळच्या गोल चौकात नेहमीसारखा डावीकडून वळसा घालत होते, वेग काहीच नव्हता. भोयर बेकरीकडून उलट बाजूनं आले. तो वळसा वाचवायला टाउनशिपमधले सगळेच तसे येतात. मी हॉर्न दिला नाही. का दिला नाही ते विचारू नकोस.

यात तुला हसू येईल असा भाग पुढे आहे. मी उतरले, त्यांच्याजवळ रस्त्यावरच बसले आणि जमलेल्या गर्दीसमोर म्हणाले, “गलती मेरी है. मुझे हॉर्न देना चाहिए था.” हवालदारानं दोनदा विचारलं, “मैडम, लिख लूँ?” मी म्हटलं, लिखिए. त्यानं लिहिलं आणि मी सही केली.

आता महाराणा प्रताप नगरातल्या विमा कचेरीतून पत्र आलंय. कंपनीच्या लेखी परवानगीवाचून तुम्ही चूक कबूल केलीत, हे पॉलिसीच्या अटींच्या विरुद्ध आहे, तेव्हा कंपनी आपला हक्क राखून ठेवत आहे. हक्क राखून ठेवते म्हणजे काय करते रे? प्रकाशनं नुकसानभरपाईचा दावा लावलाय. कंपनीनं अंग काढून घेतलं तर तो आमच्यावर येणार. आम्हा नवरा-बायकोकडे आहे काय तर कोलार रोडचा प्लॉट. अच्युतला निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, क्वार्टर सोडल्यावर तिथेच बांधायचं ठरलंय.

मी काय करू, एवढंच सांग. आईच्या विषयात मी शिरणार नाही, तूही शिरू नकोस.

सुचेता

*

पिपलानी
२ ऑक्टोबर १९९६

दादा,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, वर ‘विषय’ आणि खाली कलमं. बहिणीला पत्र लिहिताना ‘विषय: आपले दि. १४ चे पत्र’ असं लिहिणारा भाऊ अख्ख्या माळव्यात मला एकटीलाच असेल. पण उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. कंपनीला भोयरांचे पैसे बहुधा द्यावेच लागतील, पण अट मोडली म्हणून नंतर ते आमच्याकडून वसूल करायला ती बघेल, हे समजलं. यापुढे कोणाशी एक अक्षर बोलायचं नाही, भोयरांना भेटायचं नाही, हेही समजलं. आणि शेवटच्या कलमात तू लिहिलंस, ‘न विचारता चूक कबूल करणारा वाहनमालक मी नोकरीत पाहिला नाही. कारण कळवावे.’

कारण कळवते. पण तुला ते पटणार नाही.

अच्युत कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो हे तुला माहीत आहे. खात्यात कोणाला इजा झाली की चौकशी समिती बसायच्या आधी तो स्वतःची एक बैठक घेतो. वर्कशॉपमध्येच, कामाच्या टेबलाभोवती, चहा मागवून. त्या दिवशी आसपास असलेला प्रत्येक माणूस तिथे येतो आणि आपण काय वेगळं करू शकलो असतो ते सांगतो. नियम एकच आहे, ज्याची चूक सगळ्यात कमी त्यानं आधी बोलायचं. सुरुवात अच्युत करतो, मी राउंडला उशिरा आलो. मग हातमोजे देणारा स्टोअरकीपर, मग क्रेनवाला. असं फिरत फिरत ज्याच्या हातून खरं घडलं त्याच्यापाशी येतं. तोवर इतक्या जणांनी आपापलं सांगितलेलं असतं की त्यालाही तोंड उघडायला जड जात नाही. तिथलं बोलणं टेबलाबाहेर जात नाही. भोयर या बैठकांना वर्षानुवर्षं बसलेले आहेत.

घरीही आमच्याकडे तेच. मुलं लहान असताना दूध उतू गेलं तर आधी मी म्हणायचे, गॅस मोठा ठेवला. मग अच्युत म्हणायचा, मी पेपरात डोकं घातलं होतं. मग ज्या कार्टीला दुधापाशी उभं केलेलं असायचं ती बोलायची. इतकी वर्षं हेच केल्यावर दुसरं काही सुचत नाही. त्या दिवशी चौकात मी आधी बोलले, कारण माझी चूक कमी होती. आणि भोयरांच्या तोंडाकडे बघत बसले. आता ते म्हणतील, मी उलट बाजूनं आलो. ते कण्हत होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसरं कोणी बोललंच नाही. माझं एकटीचं बोलणं रस्त्यावर राहिलं आणि हवालदारानं ते उचललं.

अच्युतला हे सांगितलं तर म्हणतो, बरोबर केलंस. मी म्हटलं, तुझ्या टेबलावर बरोबर असेल, चौकात चहा नव्हता.

आता मला खरंच काही कळेनासं झालंय, दादा. विमा कंपनीचा सर्व्हेअर घरी येऊन गेला. त्यानं चौकाचा नकाशा काढला. तीस वर्षं नकाशे शिकवणाऱ्या बाईसमोर ठेवलेला, आणि त्याला उत्तर दिशाच नाही. मी ती काढून दिली. पण त्या नकाशात माझी गाडी जिथे दाखवलीय तिथे ती नव्हती. निदान मला तसं वाटतं. सर्व्हेअर गेल्यापासून डोळे मिटले की मला तो नकाशाच दिसतो, चौक दिसत नाही. भोयर मला आधी दिसले होते की नाही? पोलिसांना सांगितलं, दिसले नाहीत. अच्युतला सांगितलं, अंगावर आल्यावर दिसले. तुला काय सांगू ते ठरत नाहीये.

सुचेता

*

पिपलानी
२७ ऑक्टोबर १९९६

दादा,

तुझ्या दुसऱ्या पत्राचा राग आला म्हणून उशिरा लिहिते आहे.

कंपनीचे वकील म्हणतात की मी नवीन जबानी द्यावी. अपघाताच्या धक्क्यानं मी भानावर नव्हते, काय बोलले ते मला आठवत नाही, असं. म्हणजे आधीची कबुली निकामी होते, कंपनी केस लढवते आणि आमचा प्लॉट वाचतो. आणि भोयर उलट बाजूनं आले होते हे सिद्ध झालं की त्यांच्या हातात फार काही पडत नाही. नागपूरचं ऑपरेशन राहिलंच. त्यांचा मसुदा तुला पाठवला, तर तू लिहिलंस, ‘सही करावी. हा सरळ मार्ग आहे.’

पण मी भानावर होते रे. की नव्हते? वकिलांनी इतक्या सभ्यपणे सांगितलं की मला खरंच वाटायला लागलं, आपण गांगरलो असू. घरी येऊन आरशात बघून म्हणून पाहिलं, मी भानावर नव्हते. अगदी खरं वाटलं. त्याचीच भीती वाटली.

अच्युत मला न सांगता अयोध्या नगरात जाऊन आला. त्याला बंदी नाही म्हणे, बंदी मला आहे. भोयरांजवळ तासभर बसला. अपघाताचं एक अक्षर त्यानं काढलं नाही, त्यांनी काढलं नाही. कारखान्यात नवीन कोण आलं, कोणाची बदली झाली, एवढंच. प्रकाश त्याला फाटकापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला की अंकल, बुरा मत मानना, वकील ने बाबूजी को मुँह खोलने से मना किया है. म्हणजे बघ, इकडे मला बोलायला बंदी, तिकडे त्यांना. दोघांनाही शिकलेल्या माणसांनीच घातलेली. शशिकलाबाईंनी, म्हणजे भोयरांच्या बायकोनं, अच्युतला चहा दिला पण स्वतः बाहेर आल्या नाहीत. संक्रांतीला माझ्याकडे पहिल्या यायच्या त्या.

तुझा राग का आला ते लिहितेच आता. ‘आठवत नाही’ म्हणणं तुला सोपं जातं. आई तुझ्याकडे न्हाणीघरात पडली तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. अच्युतनं भिंतीला लावायची कडी पाठवली होती, आईला धरून उठता यावं म्हणून. ती का बसवली नाहीस विचारलं, तर तू म्हणालास, कडी आल्याचं आठवत नाही. आणि लगेच उलटून म्हणालास, तू शुक्रवारी तिला न्यायला येणार होतीस, ती शनिवारी पडली. त्यानंतर तिनं अंथरूण सोडलं नाही, आणि दिवसवार झाले तसे आपण दोघं दोन दिशांना निघून गेलो.

विषय काढणार नव्हते. काढला. आता पत्र फाडायचं तर फाड, पण सही करू की नको ते आधी सांग. वकिलांनी दिवाळीनंतर बोलावलंय.

सुचेता

*

पिपलानी
१७ नोव्हेंबर १९९६

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. दिवाळीचं साधं कार्डसुद्धा आलं नाही. मी पोस्टमनला विचारलं, तर तो म्हणाला, मैडम, इंदौर से कुछ नहीं. मग मी माझ्या मनानं केलं ते सांगते.

मी सही केली नाही. भोयरांकडे गेले. तुझी कलमं पर्समध्येच होती.

फराळाचा डबा घेऊन गेले होते, उंबऱ्यात वाटलं की डबा आणायला नको होता, लाच दिल्यासारखं दिसतंय. शशिकलाबाईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि आत गेल्या. प्रकाश कामावर होता. भोयर पलंगावर उशीला टेकून बसलेले, पायाखाली दुसरी उशी. फार वाळलेत रे. मी खुर्चीवर बसले आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरले. शेवटी म्हणाले की हॉर्न तर दिला नाहीच, पण मी समोर बघतच नव्हते. बेकरीशेजारी राख्यांचा स्टॉल लागला होता आणि मी त्याच्याकडे बघत होते.

ते पहिल्यापासून तुझ्यापासून लपवलं होतं. राखी दुसऱ्या दिवशी होती. यंदा तुला पाठवावी की नाही, याचा मी त्या चौकात विचार करत होते. आजच्या टपालात टाकली तर उशिरा पोचेल, मग उशिरा पोचलेली राखी न पाठवल्यापेक्षा वाईट का बरी, असलं काहीतरी. पोलिसांना हे कसं सांगायचं? आणि तुला तर कसं सांगायचं?

भोयरांनी पायाखालची उशी सारखी केली. मग त्यांनी शशिकलाबाईंना हाक मारली, दाराशी उभं राहायला सांगितलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

“मॅडम, मी खाली पडलो व्हतो तवाच समजलं मले. सायबाच्या बैठकीत ज्याचा दोष कमी तो पयले बोलते. तुमी बोलल्या, मंग माही पाळी व्हती. मी उलट्या बाजूनं आलो. पाव गरम व्हते, घरी लवकर न्यायचे व्हते. तवाच बोलाले पायजे व्हतं.”

त्या सगळ्या चौकात माझं बोलणं समजलेला तो एकच माणूस होता, दादा. हवालदार, सर्व्हेअर, वकील, तू, कोणालाच समजलं नव्हतं. मी तिथेच रडले, लाज न बाळगता. शशिकलाबाई दारातून म्हणाल्या की पाव त्यांनीच मागवले होते. त्यांचीही पाळी झाली.

भोयर म्हणतात, कोर्टात हेच सांगणार. संध्याकाळी प्रकाशला कळलं तेव्हा तो आमच्या घरी येऊन खूप बोलला. आपल्या बापानं आपलीच केस बुडवली आणि मी त्याला फूस लावली, असं त्याचं म्हणणं. त्याला काय बोलणार? पाय त्याच्या बापाचा आहे. अच्युतनं त्याला बसवून घेतलं, पाणी दिलं. वकिलांना फोन केला, तर ते म्हणाले, आपने तो सब उलझा दिया. कोर्ट आता कोणाची चूक किती याचे हिस्से पाडील, त्या हिश्शानं कंपनी देईल आणि आमच्याकडून मागेल की नाही हे त्यांनाही सांगता येईना. प्लॉटचं काय होणार माहीत नाही. नागपूरचं काय होणार तेही माहीत नाही. खर्चासाठी अच्युतनं कारखान्यातल्या जुन्या लोकांना गोळा करायचं मनावर घेतलंय, बघू.

प्रकाश गेल्यावर मी अच्युतला विचारलं. मी तर समोर बघतसुद्धा नव्हते, मग माझी चूक कमी कशी? मी आधी बोलायलाच नको होतं, नियम मोडला मी. त्यावर तो म्हणाला,

“चूक कोणाची कमी ते मला कधीच कळलं नाही. ज्याला सोसेल असं वाटायचं त्याला मी आधी बोलायला लावायचो.”

आणि हे त्यानं मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. दुधाच्या पातेल्यापाशी आधी मलाच बोलावं लागायचं ते का, ते त्या दिवशी कळलं. मी त्याच्यावर चिडले आणि मग चिडणं राहूनच गेलं.

म्हणून आता लिहिते. शुक्रवारी मी यायला हवं होतं. परीक्षेचे पेपर तपासायचे होते असं तुला सांगितलं, ते खोटं नव्हतं, पण पेपर इंदूरला आणता आले असते. आईला चार दिवस उशिरा न्यावं म्हणजे तेवढा वेळ घर आपलं राहील, असं मला वाटलं होतं. ती पडली तेव्हा ती माझ्या घरात असायला हवी होती. तुझी चूक जास्त की माझी, ते मला कळत नाही. पूर्वी कळायचं, आता नाही कळत. मला सोसेल असं वाटलं, म्हणून मी आधी बोलले.

सुचेता

*

पिपलानी
८ डिसेंबर १९९६

दादा,

तुझं पत्र काल आलं. हातानं लिहिलेलं. अक्षर इतकं हलायला लागलंय तुझं, म्हणून टाइप करत होतास का? मला वाटलं होतं, ऐट म्हणून. वहिनीनं तरी कळवायचं होतं.

आत एकच ओळ आहे. ‘कडी आली होती. आईला बरं वाटेल तेव्हा बसवू म्हणून कपाटात ठेवली, अजून तिथेच आहे.’ विषय नाही, कलमं नाहीत. मी ते पत्र अच्युतच्या हातात दिलं. त्यानं चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला, तिघांचा. तिसरा कप बराच वेळ टेबलावर होता.

इकडचं काही सुटलेलं नाही. तारीख जानेवारीत आहे. भोयर कुबड्यांवर फाटकापर्यंत येतात. प्रकाश बोलत नाही, पण काल चौकात मला बघून त्यानं स्कूटर वळशानं नेली. माझ्या गाडीच्या पुढच्या बाजूला पोचा तसाच आहे, कंपनीचा निकाल लागेपर्यंत दुरुस्त करायचा नाही म्हणून तूच लिहिलं होतंस.

तारखेच्या आधी चार दिवस ये. वकिलांशी तुझ्या भाषेत तूच बोल, मला ते जमत नाही. येताना कडी घेऊन ये. भोयरांच्या न्हाणीघरात लावायची आहे, अच्युत माप घेऊन आलाय.

स्टेशनावर मी स्वतः गाडी घेऊन येईन. तुला आता दुरून नीट दिसत नाही असं वहिनी काल फोनवर म्हणाली, तेव्हा शोधत बसू नकोस, आहेस तिथेच उभा राहा. मी हॉर्न देईन.

तुझी
सुचेता